व्हिव्हियन गॉर्निक : रस्त्यावरच्या मायलेकी आणि कथनाचा खरेपणा

आत्मकथनात बनवलेलं किती चालतं? नेहमीचाच प्रश्न आहे, पण आज तो आपण व्हिव्हियन गॉर्निक यांच्या निमित्ताने घेऊ या, कारण त्यांनी तो अंगावर ओढवून घेतला.

जन्म १९३५ चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला. घर ज्यू, कामगारवर्गातलं, डाव्या विचारांचं. ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात त्यांनी स्त्रीमुक्ती चळवळीवर लिहिलं, १९७७ मध्ये अमेरिकी कम्युनिस्टांवर पुस्तक केलं. नाव झालं ते मात्र १९८७ च्या ‘फिअर्स अटॅचमेंट्स’मुळे. त्यात घडतं काय? म्हातारी आई आणि मध्यमवयीन मुलगी मॅनहॅटनच्या रस्त्यांवरून चालतात नि भांडतात. अधूनमधून ब्रॉन्क्समधली जुनी बिऱ्हाडं समोर येतात. मुलगी तेरा वर्षांची असताना वडील गेले, आणि आईने वैधव्य हेच आपलं आयुष्य करून टाकलं.

२००३ मध्ये एका कॉलेजात बोलताना गॉर्निक म्हणाल्या, यातले काही प्रसंग आपण रचलेले आहेत. झालं! ऐकणाऱ्यांना फसवल्यासारखं वाटलं. त्यांनी लेख लिहून बाजू मांडली.

आम्हाला ही तक्रार अर्धीच पटते. अमुक रस्त्यावर अमुक वाक्य बोललं गेलं का, यावर हे पुस्तक उभंच नाही. २००१ च्या ‘द सिच्युएशन अँड द स्टोरी’त त्यांनी स्पष्ट केलं आहे की प्रसंग वेगळा आणि त्यातून सांगायची गोष्ट वेगळी, ती सांगणारा ‘मी’ लेखकाला घडवावा लागतो. मग आम्ही बघतो ते हे, की हा घडवलेला ‘मी’ स्वतःला सूट देतो का? इथे देत नाही. आईच्या शोकाला नाकं मुरडणारी ही मुलगी स्वतःच्या प्रेमप्रकरणांत तितकीच हट्टी, तितकीच आंधळी दिसते. आईवर सूड उगवायला लिहिलेली आत्मकथनं आपण कमी वाचलेली नाहीत. त्यांत तारखा बरोबर असतात, आणि तरी ती खोटी वाटतात.

उरलेली अर्धी तक्रार मात्र खरी आहे. वाचकाला आधी सांगायला हवं होतं. २०१५ च्या ‘द ऑड वुमन अँड द सिटी’त तशी टीप आहे : नावं बदलली, काही प्रसंग मागेपुढे केले, काही माणसं एकत्र केली. पुस्तकाचं काही बिघडलं नाही.

कम्युनिस्टांवरचं पुस्तक २०२० मध्ये पुन्हा निघालं. नव्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच्याच जुन्या, भावविवश शैलीला धारेवर धरलंय. तेव्हा त्या ८५ च्या घरात होत्या.