‘सौम्य’ सिकलसेल : एका विशेषणाची चिकित्सा

मराठीत ‘चिकित्सा’ ह्या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. वैद्य रोग्याची चिकित्सा करतो आणि टीकाकार ग्रंथाची. विदर्भातील सिकलसेल रोगासंबंधी गेल्या सहासात दशकांत जे शास्त्रीय वाङ्मय निर्माण झाले, त्याला पहिल्या अर्थाच्या चिकित्सेचा लाभ पुष्कळ झाला. दुसऱ्या अर्थाची चिकित्सा मात्र त्याच्या वाट्याला क्वचितच आली. परिणामी एक विशेषण त्या वाङ्मयात निर्वेधपणे वावरत राहिले आहे. ते म्हणजे ‘सौम्य’. भारतीय सिकलसेल हा आफ्रिकी सिकलसेलच्या मानाने सौम्य होय, हे विधान पाठ्यपुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि दवाखान्यांतूनही इतक्या सहजतेने केले जाते की ते मुळात कोणी, कोठे आणि कोणते रुग्ण पाहून केले ह्याची चौकशी करण्याचे कोणास सुचत नाही. वाशिमसारख्या जिल्ह्यातील रुग्णाला मिळणारी औषधाची मात्रा आणि त्याच्या डोळ्यांची होणारी अथवा न होणारी तपासणी ह्या विशेषणावर अवलंबून असल्यामुळे ही चौकशी केवळ शब्दच्छल ठरत नाही.

रोगाचे मूळ निर्विवाद आहे. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली ह्या व्याधीस ‘रेणवीय रोग’ म्हटले. पुढे व्हर्नन इंग्रॅम ह्यांनी दाखवून दिले की, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि एवढ्याशा फरकाने सारा अनर्थ होतो. प्राणवायू सुटला की असे हिमोग्लोबिन तंतुरूप होते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते व ताठर बनते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकून बसते. भारतात ह्या विकृतीची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये लेमन व कटबुश ह्यांनी केली. मध्य भारतासंबंधी शुक्ला व सोळंकी ह्यांचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तेव्हापासून नागपूर हे ह्या अभ्यासाचे केंद्र राहिले आहे.

‘सौम्य’ ह्या विशेषणाचा उगम मात्र नागपुरात नाही. १९८६ साली ओरिसातील रुग्णांची जमैकातील रुग्णांशी तुलना प्रसिद्ध झाली. तीत ओरिसातील रुग्णांच्या रक्तात गर्भस्थितीतील हिमोग्लोबिन, म्हणजे ‘हिमोग्लोबिन एफ’, अधिक आढळले. अल्फा थॅलेसेमियाचे प्रमाण अधिक दिसले. एकूण हिमोग्लोबिनही वरच्या पातळीवर होते. त्याच वर्षी कुलोझिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की, आशियातील सिकल जनुक आफ्रिकेतील जनुकाहून वेगळ्या आनुवंशिक पार्श्वभूमीवर उभे आहे. ह्या पार्श्वभूमीला ‘अरब-भारतीय हॅप्लोटाइप’ असे नाव मिळाले. तीत गॅमा जनुकाच्या अलीकडे ‘एक्सएमएन-वन’ ह्या नावाने ओळखला जाणारा एक बदल असतो आणि तो हिमोग्लोबिन एफची निर्मिती बाल्यानंतरही चालू ठेवण्यास साहाय्य करतो. (हे जनुक एकदाच उद्भवले की अनेकदा, हा वाद २०१८ साली पुन्हा निघाला, प्रस्तुत प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.) हिमोग्लोबिन एफ तंतुनिर्मितीत अडथळा आणते. सबब भारतीय रुग्ण भाग्यवान, असा निष्कर्ष निघाला.

ह्या निष्कर्षात दोन दोष आहेत. पहिला दोष गणतीचा आहे. रुग्णालयात नोंदलेला प्रौढ रुग्ण हा मुळात वाचलेला रुग्ण असतो. जे मूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तापाने अथवा प्लीहेत एकाएकी रक्त साचून दगावले आणि ज्याचे निदान कधीच झाले नाही, ते कोणत्याही तक्त्यात येत नाही. जमैकात नवजात अर्भकांच्या तपासणीतून रुग्ण शोधून त्यांचा पाठपुरावा १९७३ पासून चालू होता; भारतात तसे काही नव्हते. एका बाजूस जन्मापासून मोजलेले रुग्ण आणि दुसऱ्या बाजूस केवळ टिकून राहिलेले, अशी तुलना असल्यास दुसरी बाजू सौम्य दिसणारच. मध्य भारतातील नवजात अर्भकांची तपासणी व पाठपुरावा ह्यांविषयी उपाध्ये, जैन, कोला आदींचा लेख २०१६ साली प्रसिद्ध झाला. एकाच आनुवंशिक पार्श्वभूमीच्या मुलांत काही जवळजवळ निरोगी राहतात, तर काहींना वारंवार रक्त द्यावे लागते, हे त्यावरून स्पष्ट झाले. म्हणजे ‘सौम्य’ हे विशेषण समूहाला लावता आले तरी व्यक्तीला लावता येत नाही.

दुसरा दोष अधिक खोल आहे. हिमोग्लोबिन एफची टक्केवारी ही सरासरी होय. विसांपैकी चार पेशींत भरपूर एफ आणि सोळांत अत्यल्प असले तरी सरासरी समाधानकारक भरते, आणि त्या सोळा पेशी आपले काम करीतच राहतात. स्टाइनबर्ग ह्यांनी हा मुद्दा २०१४ साली विशद केला. त्यानंतरही आपल्याकडील लेखांत नुसत्या टक्केवारीवरून रुग्णाचे भवितव्य वर्तविण्याचा प्रघात थांबलेला नाही.

ह्या पार्श्वभूमीवर ‘व्यक्तिनिष्ठ औषधयोजना’ ह्या आजच्या बहुचर्चित कल्पनेकडे पाहिले म्हणजे तिची विदर्भातील अवस्था विलक्षण वाटते. औषधाला मिळणारा प्रतिसाद आनुवंशिकतेवर अवलंबून असतो, ह्या विचाराला फ्रीडरिख फोगेल ह्यांनी १९५९ सालीच स्वतंत्र शास्त्राचे नाव दिले होते. व्यक्तीचे जनुक पाहावे आणि तीस साजेसे औषध द्यावे, हा त्या विचाराचा गाभा. आपल्याकडील सिकलसेलच्या वाङ्मयात मात्र व्यक्तीच्या जागी बहुधा जात अथवा जमात उभी असते. अमुक जमातीत इतके टक्के, तमुक जातीत तितके टक्के, ह्या तक्त्यांनी पाने भरलेली असतात. रोगाचा प्रसार कळण्यास ते तक्ते उपयोगी आहेत, ह्यात शंका नाही. परंतु एखाद्या आंध कुटुंबातील मुलाला हिमोग्लोबिन एफ किती आहे हे त्याच्या जमातीच्या नावावरून कळत नाही, त्याच्या रक्तावरूनच कळते. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. तत्पूर्वीच्या पाहण्यांत वाशिम, मानोरा वा मंगरुळपीर येथील माणूस अकोल्याच्या आकड्यात विरघळून गेलेला आहे. जातीचा रकाना आणि जिल्ह्याचा रकाना, ह्या दोहोंच्या मध्ये व्यक्ती हरवली आहे.

औषधाची गोष्ट याहून बोधक आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे द्रव्य एकोणिसाव्या शतकापासून रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होते. ते डीएनएच्या निर्मितीस लागणाऱ्या एका विकराला रोखते, म्हणून प्रथम कर्करोगात वापरले गेले. त्यामुळे हिमोग्लोबिन एफ वाढते असे आढळल्यावर अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर प्रयोग झाला. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात वेदनेच्या झटक्यांचे वार्षिक प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी घटले. तेथे मात्रा रक्तपेशींना सोसवेल तेथपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढविली जाते; मर्यादा दर किलो वजनास ३५ मिलिग्रॅम. नागपूरच्या दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीव्र लक्षणांची ६० मुले निवडून त्यांपैकी निम्म्यांना दर किलोस फक्त १० मिलिग्रॅम इतकी स्थिर मात्रा १८ महिने दिली. झटके व रक्तसंक्रमणे लक्षणीय घटली. आधीच एफ अधिक असलेल्या मुलांना हे औषध कशास हवे, ह्या शंकेला ह्या प्रयोगाने दिलेले उत्तर निर्णायक आहे आणि विदर्भाच्या वैद्यकीय इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे.

तथापि त्यावरून पुढे काढण्यात आलेले अनुमान तितके भक्कम नाही. अल्प मात्रेचे समर्थन ‘भारतीय जनुकाला एवढीच मात्रा पुरते’ असे केले जाते. वस्तुतः जेथे दर काही आठवड्यांनी रक्तपेशींची मोजणी करवून घेणे रुग्णाला शक्य नाही, तेथे अल्प मात्रा सुरक्षित ठरते, हे तिचे खरे बळ आहे. मानोऱ्याच्या मजुराला एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते, ही बाब जनुकाइतकीच मात्रेचे नियमन करते. पण तिला जनुकाचे नाव देणे म्हणजे दारिद्र्याला शास्त्राचा अंगरखा चढविणे होय. २०२० साली युगांडातील मुलांवरील प्रयोगाने दाखविले की, स्थिर मात्रेपेक्षा चढत्या मात्रेने लाभ अधिक होतो आणि विषारी परिणाम वाढत नाहीत. युगांडातील मुलांची आनुवंशिक पार्श्वभूमी निराळी, त्यांचे एफ मुळात कमी. म्हणून तो निष्कर्ष वाशिमला जसाच्या तसा लागू करणे अयोग्यच. परंतु न तपासता तो नाकारणेही तितकेच अयोग्य आहे. ज्या मुलाला १० मिलिग्रॅमवर झटके येतच राहतात त्याची मात्रा वाढवून पाहण्यास ‘सौम्य’ हे विशेषण आड येऊ नये.

आता रक्तवाहिन्यांकडे वळले म्हणजे ह्या विशेषणाचा पायाच डळमळू लागतो. रक्ताचा पुरवठा तुटलेल्या ऊतीत प्राणवायूची उणीव निर्माण होते; ऊती तेव्हा नव्या वाहिन्या फुटण्यास उत्तेजन देणारी प्रथिने सोडतात. त्यांपैकी ‘व्हीईजीएफ’ हे प्रमुख असून फेरारा ह्यांनी १९८९ साली त्याचे जनुक वेगळे केले. सिकलसेलच्या रुग्णांत ‘प्लॅसेंटा ग्रोथ फॅक्टर’ हे त्याच कुळातील प्रथिन वाढलेले असते आणि त्याची पातळी रोगाच्या तीव्रतेशी निगडित असते, हे २००३ साली दाखविले गेले. डोळ्याच्या दृष्टिपटलाच्या कडेला सूक्ष्म धमन्या बुजल्या की तेथे समुद्रपंख्याच्या आकाराचे नव्या वाहिन्यांचे जाळे उगवते. ह्या वाहिन्या नाजूक असतात. त्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो आणि अखेर पटल सुटते. गोल्डबर्ग ह्यांनी १९७१ साली ह्या क्रमाच्या पाच पायऱ्या सांगितल्या. रक्तस्राव होईपर्यंत रुग्णाला काहीही दुखत नाही. हे विधान विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे, कारण सौम्यतेचे मोजमाप आपण वेदनेने करीत आलो आहोत.

त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, ज्यांच्या रक्ताची अवस्था बरी, त्यांच्या डोळ्यांची अवस्था पुष्कळदा वाईट असते. ज्यांना एका पालकाकडून ‘एस’ व दुसऱ्याकडून ‘सी’ हिमोग्लोबिन मिळाले, त्यांचा पांडुरोग सौम्य असतो. परंतु दृष्टिपटलावरील नव्या वाहिन्या त्यांच्यात दुहेरी ‘एस’ असलेल्यांपेक्षा अधिक आढळतात. रक्त दाट असल्याने वाहिन्या अर्धवट बुजतात आणि अर्धवट जिवंत ऊतीच नव्या वाहिन्यांना साद घालते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात येते. ‘सी’ हिमोग्लोबिन भारतात विरळ, हे खरे. पण मांडीच्या हाडाच्या डोक्याचा, म्हणजे खुब्याचा, पुरावा तर थेट आपल्या अंगणात येतो. मिल्नर व सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखविले की, अल्फा थॅलेसेमिया जोडीला असणाऱ्या आणि रक्तपेशींचे प्रमाण वरचे असणाऱ्या रुग्णांत खुब्याचे हाड रक्ताअभावी मरण्याचा धोका अधिक असतो. ओरिसाच्या रुग्णांना सौम्य ठरविताना पुढे केलेली लक्षणे नेमकी हीच होती! एकाच देहात डोळ्यात वाहिन्यांची अनावर वाढ व्हावी आणि खुब्यात त्यांचा दुष्काळ पडावा, ही ह्या रोगाची रीत आहे. ‘सौम्य’ आणि ‘तीव्र’ अशा दोन कप्प्यांत ती मावत नाही.

हायड्रॉक्सीयुरियाचा ह्या वाहिन्यांशी काय संबंध, ह्याविषयी ब्राझीलमधील कंपिनास येथील संशोधकांचा २०१५ सालचा लेख मननीय आहे. रुग्णांच्या रक्तद्रवाच्या सान्निध्यात वाहिन्यांच्या अस्तरपेशी नव्या नलिका रचू लागतात आणि हे औषध घेणाऱ्यांच्या रक्तद्रवात तो वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. परीक्षानळीतील ह्या निरीक्षणावरून डोळा वाचतोच असे म्हणता येणार नाही. परंतु मात्रा ठरविताना फक्त झटके मोजणे अपुरे आहे, एवढे त्यावरून निश्चित ठरते. फुटलेल्या वाहिन्यांवर लेसरचे उपचार आहेत, व्हीईजीएफला रोखणारी इंजेक्शनेही आहेत. दोन्हींसाठी डोळा आधी कोणी तरी उघडून पाहिलेला असावा लागतो.

जनुकचिकित्सेचा डंका सध्या मोठा आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘कॅसजेव्ही’ ह्या उपचारात ‘बीसीएल-इलेव्हन-ए’ ह्या जनुकाचा नियामक भाग कापून हिमोग्लोबिन एफ वाढविले जाते. अमेरिकेत त्याची किंमत २२ लक्ष डॉलर. भारतीय पार्श्वभूमी जे अंशतः फुकट देते तेच तेथे विकत घेतले जाते, ही गंमत खरी. पण जे ‘अंशतः’ आहे, त्याचे माप कोण घेणार?

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. तपासलेल्या व्यक्तीस कार्ड मिळते. त्यावर ती निरोगी, वाहक की रुग्ण, हे नोंदलेले असते, म्हणजे विवाहापूर्वी पाहण्याजोगी माहिती असते. उपचारापूर्वी पाहण्याजोगी नव्हे. रुग्णाच्या कार्डावर हिमोग्लोबिन एफ, एकूण हिमोग्लोबिन, औषधाची चालू मात्रा आणि डोळे तपासल्याची तारीख, एवढ्या चार रकान्यांची भर पडली तरी व्यक्तिनिष्ठ औषधयोजनेचा प्रारंभ वाशिमात होऊ शकेल. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांत वाशिमचे महाविद्यालय आहे; हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारे क्रोमॅटोग्राफी यंत्र अशा संस्थेच्या आवाक्याबाहेरचे नाही. अमेरिकी मार्गदर्शक सूत्रांनी २०१४ साली दहाव्या वर्षापासून बाहुली रुंदावून नेत्रतपासणी आणि पुढे एक-दोन वर्षांनी तिची पुनरावृत्ती सुचविली आहे. दहाव्या वर्षी मूल चौथी-पाचवीत असते आणि ज्या शाळेत त्याचे वजन-उंची नोंदली जाते तेथेच ते सापडते.