कॅमेऱ्याला नावं ठेवली की आपल्याला का लागतं?

आजचा प्रश्न वरवर पाहता हलका वाटेल. कुणी म्हणालं, ‘या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस कमी उजेडात चाचपडतो,’ तर हे विधान एका यंत्राविषयी आहे. ते खरं असेल किंवा खोटं. तपासून पाहता येतं. मग तो कॅमेरा ज्याच्या गळ्यात आहे, त्याचा चेहरा का पडतो? तपासायला बसायचं सोडून तो भांडायला का उठतो? ‘आपला तो बाब्या’ असं म्हणून आपण विषय मिटवू शकतो. पण म्हणीनं वागणं ओळखता येतं, त्याचं कारण काही कळत नाही.

प्रचलित उत्तर मानसशास्त्राकडून येतं. जॅक ब्रेम यांनी १९५६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही स्त्रियांना घरगुती उपकरणांना गुण द्यायला सांगितलं, मग त्यांतल्या दोहोंपैकी एक निवडायला सांगितलं आणि नंतर पुन्हा गुण द्यायला लावले. निवडलेली वस्तू आता आधीपेक्षा चांगली वाटू लागली आणि सोडलेली आधीपेक्षा डावी. दोन वस्तू तुल्यबळ असतील तेव्हा हा फरक अधिक ठळक होता. लिऑन फेस्टिंगर यांच्या १९५७ च्या ग्रंथात यामागचा सिद्धांत आहे. निर्णय घेतला तरी सोडलेल्या वस्तूचे गुण आणि घेतलेल्या वस्तूचे दोष मनाला टोचत राहतात. ती टोचणी कमी करण्यासाठी मन आपला हिशेबच बदलतं.

यातून एक गोष्ट छान उलगडते. कॅननवाला मोबाइलवर फोटो काढणाऱ्याशी हिरिरीनं भांडत नाही, निकॉनवाल्याशी भांडतो. जिथे फरक थोडा, तिथेच निवड चुकल्याची शंका जास्त.

शिवाय कॅमेरा घेणं हा एकदाच करायचा व्यवहार नसतो. लेन्स ज्या जोडणीवर बसते, तो माउंट आपण निवडतो आणि पुढची कित्येक वर्षं त्याच माउंटच्या लेन्स घेत राहतो. कॅननने १९८७ साली ऑटोफोकससाठी ईएफ हा नवा माउंट आणला, तेव्हा जुन्या एफडी लेन्स त्यावर थेट बसेनात. निकॉनने मात्र १९५९ पासूनचा आपला एफ माउंट पुढे चालू ठेवला. आता एफडी लेन्सवर पैसे घातलेल्या माणसाला ‘जुनं सोडा हो’ म्हणणं म्हणजे त्याच्या दहा-पंधरा वर्षांच्या निर्णयांवर काट मारणं. त्याला लागणारच.

हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. सगळं पैशाचं आणि निवडीचं असतं, तर वडिलांकडून आलेल्या कॅमेऱ्याबद्दल कुणाला काही वाटलं नसतं. तो आपण निवडलेला नाही, त्याचे पैसेही मोजलेले नाहीत. तरीही त्याची बाजू लोक जीव तोडून घेतात. तेव्हा आणखी खाली उतरायला हवं.

मेर्लो-पाँती यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात अंधाच्या काठीचं उदाहरण घेतलं आहे. काठी सवयीची झाली की तो काठीला स्पर्श करत नाही, काठीनं जमिनीला स्पर्श करतो. कॅमेऱ्याचंही तसंच आहे. बोट न पाहता चक्रीवर जातं, डोळा चौकटीत विचार करू लागतो. मुरलेल्या छायाचित्रकाराच्या दृष्टीनं कॅमेरा हा त्याच्या पाहण्याचाच भाग झालेला असतो. म्हणून त्याच्या रागात एक खरा अंश आहे, आणि आपण तो मान्य केला पाहिजे.

पण राग तेवढ्यावर थांबत नाही. आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रस्तावनेत अध्यासाची चर्चा केली आहे. बायको-मुलांचं काही उणं झालं की माणूस ते उणेपण स्वतःवरच घेतो, हे त्यांनी तिथे दाखवलं आहे. बाहेरच्याचे धर्म आत लादले जातात. आचार्य तर याच न्यायानं देहालाही पुढे बाहेर ठेवतात. आपण आज इतकं लांब जाणार नाही. पण ‘सेन्सर लहान आहे’ या वाक्याचं कानापर्यंत येईतो ‘मी लहान आहे’ कसं होतं, ते इथे दिसतं.

आता टीकाकाराकडे वळू. तो साव आहे असं समजू नका. मायक्रो फोर थर्ड्सचं उदाहरण घ्या. ही पद्धत २००८ साली आली. तिचा सेन्सर १७.३ बाय १३ मिलीमीटर, तर फुल-फ्रेमचा ३६ बाय २४. म्हणजे क्षेत्रफळ जवळपास पाव. यावर तीन विधानं करता येतात. एक, ‘कमी उजेडात चित्रात दाणे जास्त येतात.’ हे यंत्राविषयी आहे. दोन, ‘रात्रीच्या लग्नसमारंभाला हा कॅमेरा कमी पडेल.’ हे कामाविषयी आहे. आणि याच लहान सेन्सरमुळे लेन्स हलक्या होतात, म्हणून डोंगर चढणाऱ्याला तोच सोयीचा ठरेल. तीन, ‘हे घेणाऱ्याला फोटोग्राफीतलं काही कळत नाही.’ हे माणसाविषयी आहे. टीकाकार पहिल्यापासून सुरुवात करतो आणि पाय घसरून तिसऱ्यावर येतो. मालकाला तर पहिलंच तिसऱ्यासारखं ऐकू येतं. कालच ब्रँड बदललेला माणूस जुन्या ब्रँडवर सर्वांत जास्त तुटून पडतो, कारण त्यालाही स्वतःचा ताजा निर्णय सांभाळायचा असतो.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावं म्हणून केला तो वाद, जिंकावं म्हणून केला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची खोडायची ती वितंडा. कॅमेऱ्यांची बहुतेक भांडणं जल्पात सुरू होतात आणि वितंडेत संपतात.

यात नुकसान कुणाचं? कंपनीचं तर नाहीच. तिला फुकटचे वकील मिळतात. नुकसान चित्राचं होतं. ज्याला आपल्या अवजाराचा दोष ऐकवत नाही, त्याला तो दोष ओलांडायचाही सुचत नाही. कुंभाराला आपल्या चाकाची डुग कुठे आहे ते माहीत असतं, म्हणूनच त्याचं मडकं सरळ उतरतं. तेव्हा आपण एक साधी कसोटी लावून पाहू. आपल्या कॅमेऱ्याचे तीन दोष आपल्याच तोंडानं, ‘पण’ न जोडता, सांगता येतात का? सांगता आले, तर कॅमेरा आपल्या हातात आहे. नाही आले, तर आपणच त्याच्या हातात आहोत.

आता प्रश्न घेऊ.