सौरघटांद्वारे लिथियम-आयन बॅटरीचे थेट प्रभारण : वऱ्हाडातील हवामानाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

अकोल्यातील जठारपेठेसारख्या नागरी वस्तीत २००० नंतरच्या दशकातील भारनियमनाने घरोघरी इन्व्हर्टर आणला. जिल्ह्यातील शेतांत रानडुकरे व रोही यांच्यापासून पिकाची राखण करण्यासाठी सौरपट्टीवर चालणारी झटका मशीन आली. दोन्ही ठिकाणी शिसे-आम्ल बॅटरीची जागा आता हलकी लिथियम-आयन बॅटरी घेऊ लागली आहे. त्यासोबतच, मधले नियंत्रक (चार्ज कंट्रोलर) वगळून सौरपट्टी थेट बॅटरीस जोडावी, म्हणजे खर्च व ऊर्जा दोन्ही वाचतील, असा विचार मांडला जातो. प्रस्तुत लेखात या विचाराची चिकित्सा केली आहे.

थेट जोडणीची सबळ बाजू

हा विचार निराधार नाही. २०१० मध्ये जनरल मोटर्समधील गिब्सन व केली या संशोधकांनी लोह-फॉस्फेट प्रकारच्या लिथियम-आयन बॅटरीचे थेट प्रभारण करून १४.५ टक्के एकत्रित कार्यक्षमता दाखविली. २०१५ मध्ये अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात चार पेरोव्स्काइट सौरघट एकसरीत जोडून ७.८ टक्के कार्यक्षमता मिळविण्यात आली. सौरघटांची संख्या बॅटरीच्या व्होल्टेजशी काटेकोर जुळवणे, हा अशा प्रयोगांच्या यशाचा पाया होय.

मर्यादा

हीच जुळणी वऱ्हाडात टिकणे कठीण आहे. सिलिकॉन सौरघटाचे व्होल्टेज तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. उन्हात पट्टी ६५ अंशांपर्यंत तापली, तर २५ अंशांच्या प्रमाण स्थितीच्या तुलनेत ३६ घटांच्या पट्टीत जवळजवळ ३ व्होल्टची घट होते. प्रमाण स्थितीत जुळवलेली पट्टी त्यामुळे वैशाखात अपुरी पडते. ही उणीव भरून काढण्यासाठी घट वाढवावेत, तर पौषातील थंड सकाळी व्होल्टेज मर्यादा ओलांडते.

बाजारात '१२ व्होल्ट' म्हणून मिळणाऱ्या ३६ घटांच्या पट्टीचे खुले व्होल्टेज २१ च्या आसपास असते. चार लोह-फॉस्फेट घटांच्या बॅटरीची मर्यादा मात्र १४.६ व्होल्ट आहे. शिसे-आम्ल बॅटरी अतिप्रभारण काही प्रमाणात सहन करते. आटलेले पाणी पुन्हा भरता येते. लिथियम-आयन बॅटरीत तशी सोय नाही. तिच्यातील घट असमान भरतात, आयुष्य घटते, आणि काही प्रकारांत आग लागण्याचा धोकाही संभवतो.

शिवाय अशा बॅटरीचे प्रभारण साधारणतः ४५ अंशांच्या आतच करावे, असे उत्पादक सांगतात. अकोल्यात मे महिन्यात सावलीतील हवाच ही मर्यादा ओलांडू शकते. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावे लागले होते. पट्टीच्या पाठीशी बंद पेटीत ठेवलेल्या बॅटरीचे तापमान तर हवेहूनही अधिक असते.

निष्कर्ष

थेट प्रभारणाचे तत्त्व शास्त्रशुद्ध आहे. परंतु प्रयोगशाळेत नियंत्रकाचे काम काटेकोर जुळणी व संशोधकाची देखरेख करीत असते. गच्चीवर वा धुऱ्यावर हे दोन्ही नसतात. तेथे नियंत्रक वगळल्याने वाचलेली रक्कम विक्रेत्याच्या किमतीत दिसते, आणि बॅटरी अकाली निकामी झाल्याचा भार ग्राहकावर पडतो. म्हणून या प्रदेशात व्होल्टेज व तापमान या दोहोंची मर्यादा पाळणारे नियंत्रक आणि बॅटरीसाठी सावलीची, हवेशीर जागा अनिवार्य मानली पाहिजे. सौर उपकरणाची निवड करताना पट्टीच्या वॉटइतकीच या दोन बाबींची चौकशी होणे अगत्याचे आहे.