देवलांची पदे उरली, देवलांचे हसू?

‘संगीत शारदा’चा पहिला प्रयोग पुण्यात झाला नाही आणि मुंबईतही नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीने तो जानेवारी 1899 मध्ये इंदुरात केला. तिथून देवास 35 किलोमीटरच्या आसपास, धार त्याच्या दुप्पट अंतरावर. दोन्ही पवारांची संस्थाने आणि दोन्हीकडे दरबारापासून वाड्यापर्यंत मराठीचा वावर. मराठी संगीत नाटकाचा इतिहास लिहिणारे हा प्रदेश पाहुण्यासारखा उल्लेखून पुढे जातात. मला मात्र वाटते, गोविंद बल्लाळ देवल आज आपल्याकडे किती उरले आहेत हे नीट पाहायचे, तर ते धार-देवासातून पाहावे. इथे त्यांची पदे कानावर येतात आणि नाटक मात्र फार क्वचित दिसते.

देवल 1855 सालचे, सांगलीजवळच्या हरिपूरचे. बेळगावच्या शाळेत अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांचे शिक्षक होते आणि त्याच ओळखीतून ते नाटकात आले. नट झाले, लेखक झाले, पण मंडळीत त्यांचा खरा दरारा तालीममास्तर म्हणून होता. गणपतराव बोडस, बालगंधर्व यांच्यासारख्या नटांना त्यांची तालीम मिळाली. त्यांची नाटके सात. ‘मृच्छकटिक’ आणि ‘विक्रमोर्वशीय’ संस्कृतातून आली, ‘शापसंभ्रम’चा आधार ‘कादंबरी’, ‘झुंझारराव’ म्हणजे ‘ऑथेल्लो’, आणि ‘दुर्गा’ व ‘संशयकल्लोळ’ही इंग्रजीवरून आलेली. स्वतंत्र असे एकच, ‘शारदा’. तरीही त्यांना रूपांतरकार म्हणून बाजूला ठेवणे अन्यायाचे आहे. तालमीत नटाच्या तोंडून वाक्य कसे येते हे रोज ऐकणाऱ्या माणसाची ही लेखणी आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या पदांत कल्पना आणि कोटी आधी दिसते, माणूस मागून येतो. देवलांच्या पदात माणूस बोलता बोलता गाऊ लागतो, आणि तो कुठल्या घरातला, किती शिकलेला, आता घाबरला आहे की लबाडी करतो आहे, हे शब्दांवरूनच कळते.

‘शारदा’ हे विनोदी नाटक म्हणून कोणी सांगत नाही. पण त्यातला भद्रेश्वर दीक्षित म्हाताऱ्या भुजंगनाथाला नवरदेव म्हणून खपवतो, कांचनभट पैशापायी मुलीचा सौदा करतो, आणि या प्रवेशांना प्रेक्षक पोट धरून हसतो. त्या हसण्यामुळेच शारदेचे दुःख अधिक बोचते. लग्न मोडते तेही सगोत्र असल्याचे उघड झाल्यामुळे. म्हाताऱ्याचे वय त्या समाजाला आड येत नाही, गोत्र येते! एवढी तिखट टीका देवलांनी कुठेही भाषण न देता केली.

‘संशयकल्लोळ’ची वंशावळ लांबची. मोलियरचे 1660 मधले प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीचे 1761 मधले इंग्रजी नाटक, त्यावरून देवलांचे गद्य ‘फाल्गुनराव’. पुढे त्यालाच पदे घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले आणि 1916 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी जूनमध्ये देवल गेले. एक हरवलेली तसबीर चुकीच्या हाती पडते आणि फाल्गुनराव-कृत्तिका हे नवरा-बायको एकमेकांवर संशय घेऊ लागतात. तो संशय मग अश्विनशेठ-रेवती या प्रेमिकांनाही लागतो. हशाचा मोठा भार पहिल्या जोडीवर, गाण्याचा दुसरीवर. म्हणून पदे आणि विनोद वेगळे करता येतात असा समज झाला, आणि तो चुकीचा आहे. अश्विनशेठ रेवतीला दूषण देत गातो तेव्हा ती निर्दोष आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. तो जितका कळवळून गाईल तितका प्रसंग हास्यास्पद होतो. मैफलीत तेच पद ऐकणाऱ्याला हे कळायला मार्गच नाही. त्याला सुंदर चाल मिळते, पण देवलांनी मांडलेला डाव हाती येत नाही.

प्रतिमेवरून उठणारा संशय धारला नवा नाही. संस्थानातले शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांच्यामुळे 1903 मध्ये तिथली एक कोरीव शिळा उजेडात आली. तिच्यावर राजगुरू मदनाच्या ‘पारिजातमंजरी’ या नाटिकेचे पहिले दोन अंक आहेत. काळ तेराव्या शतकाच्या आरंभीचा, नायक खुद्द राजा अर्जुनवर्मा. दुसऱ्या अंकात राणीच्या कर्णभूषणात राजाला आपल्या प्रियेचे प्रतिबिंब दिसते आणि राणीच्या मनात शंका येते. तिथे कर्णभूषण, इथे तसबीर. देवलांना ही नाटिका ठाऊक होती असे मी म्हणत नाही. पण मत्सराला हसणारे नाटक ज्या गावाने दगडावर कोरून ठेवले, त्या गावाचा ‘संशयकल्लोळ’वर हक्क आहे.

देवासला 1948 मध्ये कुमार गंधर्व आले आणि तिथलेच झाले. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमातून त्यांनी नाट्यपदाकडे अभ्यासाने पाहायला शिकवले. शब्द कुठे उचलायचा, तान कुठे थांबवायची, यामागे विचार असतो हे त्यांनी गाऊन दाखवले. हे ऋण मोठे आहे. मात्र त्यांच्यानंतर नाट्यसंगीताच्या मैफली भरवणाऱ्यांनी त्यातले गाणे घेतले, विचार सोडला. निवेदक रागाचे नाव सांगतो, गायकांची परंपरा सांगतो. पात्र कोण, ते कशाला गाते आहे, हे सांगत नाही.

रंगभूमीवरही चित्र फार वेगळे नाही. राहुल देशपांडे आणि प्रशांत दामले यांनी ‘संशयकल्लोळ’ पुन्हा उभे केले, तेव्हा नव्या प्रेक्षकालाही ते हसवते हे सिद्ध झाले. ‘संगीत देवबाभळी’ने अलीकडे नवे संगीत नाटक चालते हे दाखवले, पण ते भक्तीच्या अंगाचे. 1965 च्या ‘मदनाची मंजिरी’नंतर विनोदी संगीत नाटकाची ठळक नावे आठवायला थांबावे लागते. गद्य विनोद जोरात आहे, नाट्यगीतांचे कार्यक्रम जोरात आहेत, आणि दोन्ही एकत्र लिहू शकणारा लेखक आपल्याकडे तयार होत नाही. कारण सरळ आहे. देवल गायक-नटांच्या मंडळीत राहून लिहीत होते; आजचा लेखक घरी लिहितो आणि गीतकार नंतर बोलावला जातो.

इंदुरात सानंद न्यासामुळे मुंबई-पुण्याची नाटके येतात, धार-देवासचे रसिक प्रवास करून ती पाहतात. एवढ्यावर थांबू नये. गणेशोत्सवात नाट्यपदांची संध्याकाळ ठेवणाऱ्या इथल्या मराठी मंडळांना माझी विनंती आहे: पुढच्या वर्षी ‘संशयकल्लोळ’चा एक तरी पूर्ण अंक करा. पदे थोडी कमी घ्या, गळा बेताचा असला तरी चालेल, पण फाल्गुनराव चांगला निवडा.