मूत्रपिंडाचा तक्ता: बरोबर, पण अपुरा

एका शाळेच्या भिंतीवर ‘मूत्रपिंडविकार ओळखा’ असा तक्ता आमच्या पाहण्यात आला. छपाई सुबक, चित्रे ठसठशीत. सुरुवात कंबरदुखीने; मग थकवा, मळमळ, खाज, पायांवर सूज आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, ‘लघवीला फेस’. यांतले सरळसरळ खोटे काही नाही. तरीही वाचणाऱ्याची दिशाभूल होते, ती या क्रमामुळे.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला दीड-दोन लिटरच लघवी म्हणून बाहेर पडतो. ही क्षमता इतकी ऐसपैस असते की एक मूत्रपिंड दान केलेली व्यक्ती उरलेल्या एकावर नेहमीचे आयुष्य जगते. म्हणूनच दीर्घकाळ चालणाऱ्या विकारात मळमळ आणि खाज दिसू लागते तेव्हा बहुधा बरेच नुकसान होऊन गेलेले असते. कंबरदुखीचे कारण तर बहुतेक वेळा स्नायू किंवा मणके असतात. मुतखडा दुखतो हे खरे. पण मधुमेहाने किंवा रक्तदाबाने होणारी मूत्रपिंडाची हानी सहसा दुखत नाही. तक्ता वाचून मूल घरी सांगणार, ‘आजोबांची कंबर दुखत नाही, म्हणजे मूत्रपिंड ठीक!’

तळाशी ढकललेला फेस खरे तर वर हवा होता. फेस दिसला म्हणजे विकार आहेच असे नाही, पण टिकून राहणारा फेस लघवीतून प्रथिन जात असल्याची खूण असू शकते. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट यांनी अंगावर सूज, लघवीत अल्ब्युमिन आणि बिघडलेली मूत्रपिंडे यांचा संबंध १८२७ साली मांडला. चमच्यात लघवी घेऊन ती मेणबत्तीवर तापवायची आणि साका धरतो का ते पाहायचे, एवढीच त्यांची चाचणी. (अंड्यातला पांढरा भाग तापवून अल्ब्युमिन कसे गोठते ते वर्गात दाखवता येईल. तक्त्यापेक्षा तेच लक्षात राहील.)

मुलांबद्दल तर तक्त्यात एक ओळही नाही, आणि लावला आहे शाळेत! सकाळच्या प्रार्थनेला डोळ्यांभोवती सूज घेऊन येणारे मूल शिक्षकांनाच आधी दिसते. ‘झोप झाली नाही वाटतं’ म्हणून ते सोडून दिले जाते. घसा दुखून गेल्यावर किंवा अंगावर पुरळ-फोड येऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांत अशी सूज आली, लघवी कोऱ्या चहासारखी दिसू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. लघवीची तपासणी आणि रक्तदाब दोन्ही पाहायला सांगावे.

मोठ्यांसाठी तक्त्यात एक ओळ वाढवली तरी चालेल: मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर लक्षणांची वाट न पाहता दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या.