सरासरीत हरवलेला गोंगाट

‘ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००’ मधील तक्ता फळ्यावर लिहायला सोपा आहे. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल. व्यापारी भागात ६५ व ५५. शाळा, रुग्णालये, न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० व ४०. पण हे आकडे नेमके कशाचे, हे तक्त्याखालच्या टिपेत दडलेले आहे. आमचा आक्षेप तिथूनच सुरू होतो.

हे आकडे एका क्षणाच्या आवाजाचे नाहीत, संपूर्ण कालावधीच्या सरासरीचे आहेत. रात्र म्हणजे दहा ते सहा, ४८० मिनिटे. ही सरासरीही साधी नव्हे. डेसिबेल ही लॉगॅरिथमची मोजपट्टी असल्याने आधी ध्वनिऊर्जेची सरासरी काढायची आणि मग तिचे डेसिबेल करायचे. एक उदाहरण सोडवून पाहू. रात्रभर आवाज ३५ डेसिबेल आहे. अधूनमधून दहा ट्रक जातात आणि प्रत्येक वेळी मिनिटभर ६० डेसिबेल आवाज होतो. उत्तर येते सुमारे ४४. म्हणजे नियम पाळला गेला! आजारी माणसाची झोप दहादा मोडली, याची नोंद मात्र कुठेच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपण्याच्या खोलीसाठी सरासरी ३० डेसिबेल सुचवताना, क्षणिक आवाज ४५ च्या वर जाऊ नये, असेही सुचवले होते. आपल्या तक्त्यात अशी दुसरी मर्यादा नाही.

दुसरा आक्षेप ‘ए’ मोजपट्टीवर आहे. आपल्या कानाला खर्जातले आवाज कमी जाणवतात, म्हणून ध्वनिमापक ते कमी करून मोजतो. ६३ हर्ट्‌झच्या आवाजातून तो २६ डेसिबेल वजा करतो. पण ही वजाबाकी मुळात मंद आवाजांच्या मोजणीवरून ठरवलेली आहे. आवाज मोठा झाला की कानाला खर्जही चांगला ऐकू येतो. मिरवणुकीतल्या डीजेचा या कंप्रतेचा ९० डेसिबेलचा ठोका नोंदला जातो ६४! खिडक्यांची तावदाने थरथरतात, छातीत धडधडते आणि आकडा व्यापारी भागाच्या दिवसाच्या मर्यादेत बसतो.

याचा अर्थ ही मोजणी टाकाऊ आहे, असा नव्हे. सरासरीवाचून दोन रस्त्यांच्या गोंगाटाची तुलना करता आली नसती. पण झोपमोड, खर्जाचा दणका आणि वर्षानुवर्षांचा गोंगाट या तीन वेगळ्या त्रासांचा न्याय एकाच आकड्याने करणे आम्हाला पटत नाही.

‘आवाज ९० डेसिबेलवर’ अशी बातमी आली, तर ती वर्गात जरूर वाचावी आणि विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे. आकडा क्षणाचा की सरासरीचा, आणि सरासरी असेल तर किती वेळाची? मोजणी किती अंतरावरून केली? कोणत्या मोजपट्टीने केली? ही उत्तरे नसतील तर तो आकडा मोठा असला, तरी मोजमाप म्हणून अपुराच आहे.