गुप्त अर्थ आणि उघड मजकूर

राजकारणी माणसाने मोबाइलवर दोन ओळी टाकाव्यात आणि गावोगावच्या मंडळींनी त्यांतला लपलेला अर्थ शोधत रात्री जागवाव्यात, हा आता एक वाङ्मयप्रकारच होऊन बसला आहे. त्याला लेखक आहेत, वाचक आहेत, भाष्यकार तर उदंड आहेत. मग त्याची समीक्षा का होऊ नये? भोर आणि वेल्हे तालुक्यांत मी हा प्रकार जवळून पाहत आलो आहे. दलित समीक्षेला त्याचे काय, असे कोणी विचारील. माझ्या मते हा प्रश्न इतर कोणापेक्षाही आपला आहे. दडलेले वाचणे हीच आपल्या परंपरेची ओळख आहे, आणि तिची नक्कल आज बाजारात स्वस्त मिळू लागली आहे.

उदाहरण आमच्याच मतदारसंघातले घेऊ. भोर-वेल्हे बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतात. 23 नोव्हेंबर 2019 च्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांनी शपथ घेतली. खासदार सुप्रिया सुळे यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पक्ष आणि कुटुंब दोन्ही फुटल्याचे चार शब्द ठेवले. दुसऱ्या दिवशी अजित पवारांनी ट्विटरवर लिहिले की, आपण राष्ट्रवादीतच आहोत आणि पवारसाहेबच आपले नेते आहेत. शरद पवारांनी लगेच ते विधान दिशाभूल करणारे ठरवले. झाले! आमच्याकडच्या चहाच्या टपऱ्यांपासून मोबाइलच्या गटांपर्यंत एकच उद्योग सुरू झाला. सुळ्यांनी मराठी सोडून इंग्रजीत का लिहिले? अजितदादांनी चिंता करू नका, थोडा धीर धरा, असे म्हटले ते कोणाला उद्देशून? साहेबांनी नाकारले, म्हणजे ही साहेबांचीच खेळी!

या मंडळींना वेडे ठरवण्याची पांढरपेशी घाई मी करणार नाही. पडद्याआड काही घडत होतेच. 2023 साली फडणवीस आणि पवार या दोघांनीही त्या पहाटेविषयी आपापल्या परीने सांगितले आणि दोघांचे सांगणे जुळले नाही. तेव्हा संशय अनाठायी नव्हता. दोष आहे तो वाचण्याच्या रीतीत. पवार हो म्हणाले असते तर खेळी सिद्ध. नाही म्हणाले तरी खेळी सिद्ध. गप्प बसले असते तर दुप्पट सिद्ध. होकार, नकार आणि मौन या तिन्हींतून जेव्हा एकच अर्थ निघतो, तेव्हा वाचक मजकूर वाचत नसतो. मनात आधीच ठरलेले तो मजकुरावर लिहीत असतो.

हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत ऑक्टोबर 2017 पासून ‘क्यू’ नावाचा एक अनामिक इसम कोड्यात लिहू लागला. त्याचे अनुयायी त्याच्या आणि ट्रम्प यांच्या संदेशांमधली मिनिटे मोजत आणि आकडे जुळले की तो पुरावा समजत. 6 जानेवारी 2021 रोजी वॉशिंग्टनच्या संसदगृहात घुसलेल्या जमावात त्यांतले कित्येक होते.

आता उघड मजकुराचे काय झाले ते पाहू. 26 नोव्हेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, दुसऱ्या दिवशी बहुमत सिद्ध करा, मतदान गुप्त नको आणि कामकाजाचे थेट प्रक्षेपण करा. तो संविधान दिन होता. आपल्यापैकी अनेकांना तारखेत संकेत दिसला. आदेश किती जणांनी वाचला? संविधानाचे रक्षण तारखेने केले नाही. ते कलमांचा अर्थ लावणाऱ्या त्या कागदाने केले.

दुसरा मजकूर पाण्याचा. नीरा-देवघर धरण भोर तालुक्यात, गुंजवणी धरण वेल्ह्यात. पाणी कालव्यांनी खाली बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते. जून 2019 मध्ये तेव्हाच्या सरकारने नीरेच्या डाव्या कालव्याला मिळणारे नीरा-देवघरचे जादा पाणी थांबवले. फेब्रुवारी 2020 मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो निर्णय फिरवला: शिल्लक पाण्यापैकी 55 टक्के डाव्या कालव्याला, 45 टक्के उजव्याला. नोव्हेंबरच्या त्या ट्वीटमागे कोण होते, हे सांगणारे शंभर लोक मला भोरला भेटतील. पण या टक्केवारीत डोंगरातल्या वाडीवस्तीचा, धरणाच्या काठी घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईचा वाटा कोणता, हे विचारणारे दहाही भेटत नाहीत. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला पाण्याच्या हिशेबात जागा नाही. हे रहस्य नाही. सरकारी कागदावर धडधडीत लिहिलेले आहे. सत्तेला आपले गुपित फार लपवावे लागत नाही. आपण दुसरीकडे पाहत असलो की पुरते.

येथे कोणी आक्षेप घेईल: जोतीराव फुल्यांनी तरी वेगळे काय केले? 1873 च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी अवतारकथांच्या पोटातला रक्तरंजित इतिहास उकलला. खंडोबा, म्हसोबा ही बळीच्या राज्यातल्या अधिकाऱ्यांची नावे ठरवली. महार म्हणजे महाअरी, असे सांगितले. पु. ना. ओकांनीही ताजमहाल म्हणजे तेजोमहालय असे नावांवरूनच सांगितले. मग फरक कुठे?

आक्षेप खरा आहे, आणि त्याला भावनेने उत्तर देऊन चालणार नाही. फुल्यांच्या काही व्युत्पत्त्या भाषाशास्त्राला मान्य होणार नाहीत. पण त्यांचा आधार व्युत्पत्ती नव्हती. भट-कुलकर्ण्यांची लूट आणि शूद्रातिशूद्रांना नाकारलेली शाळा हे त्यांचे उघडे पुरावे होते. नावांची फोड चुकली तरी ते ढळत नाहीत. ओकांच्या इमारतीला मात्र नाव काढले की पाया उरत नाही. आणि पुढचे पाऊल बाबासाहेबांचे. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा 1946 चा ग्रंथ त्यांनी फुल्यांना अर्पण केला आणि त्याच ग्रंथात आर्य वंशाच्या आक्रमणाचा सिद्धान्त वेदांच्या साक्षीने नाकारला. गुरूला वंदन करून गुरूचे गृहीतक तपासायचे, ही आपली खरी परंपरा. 1948 च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथातही पुरावा कोठे तुटतो आणि तर्क कोठे सुरू होतो, हे त्यांनी वाचकाला प्रस्तावनेतच सांगितले. जो आपला दुवा कच्चा कोठे आहे हे दाखवतो, त्याचा संशय विश्वासार्ह असतो.

ही कसोटी आपल्या घरातही लावली पाहिजे. 6 डिसेंबर 1956 आणि 6 डिसेंबर 1992: बाबरी मशीद पाडायला महापरिनिर्वाणाचाच दिवस मुद्दाम निवडला, असा संदेश दरवर्षी फिरतो. तेवीस माणसे एकत्र आली तरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, हे गणित शाळेतली मुलेही करू शकतात. म्हणून तारीख जुळणे हा पुरावा नाही. हेतू सिद्ध करायचा तर तारीख ठरवणाऱ्यांचे कागद, साक्षी आणि 2009 साली सादर झालेला लिबरहान आयोगाचा अहवाल वाचावा लागेल. हेतू सिद्ध झाला नाही म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. आपल्या शोकाचा दिवस वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या जल्लोषाशी आणि निषेधाशी वाटून घ्यावा लागला, हे उघड आहे. तेवढे सांगायला गुप्त कटाची गरज नाही.

एवढी कडक शिस्त कशाला? कारण योगायोग हा पुरावा मानला गेला की त्याचा पहिला बळी आपण असतो. 31 डिसेंबर 2017 च्या शनिवारवाड्यावरील एल्गार परिषदेनंतर तेथे गायलेली गाणी तक्रारीत आली. गाण्यात, पत्रांत, पुस्तकांत गुप्त अर्थ शोधले गेले आणि माणसे वर्षानुवर्षे तुरुंगात राहिली. 2021 साली आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने एका आरोपीच्या संगणकातील फायली आणि त्यांच्या वेळा तपासून, त्या बाहेरून घातल्या गेल्याचा निष्कर्ष मांडला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. पण पद्धत पाहा. ‘क्यू’चे अनुयायीही मिनिटेच मोजत होते. त्यांना हवे ते उत्तर आधीच मिळालेले होते; येथे मात्र तपासणी कशी केली ते मांडलेले आहे आणि दुसऱ्याला ती पुन्हा करून पाहता येते.

आपल्या आजोबा-पणजोबांना अक्षर नाकारले गेले. ते अक्षर आपण मिळवले ते नेत्यांच्या दोन ओळींतले स्वल्पविराम मोजण्यासाठी नव्हे. कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी गुप्त अर्थाचा संदेश पुढे पाठवण्याआधी एक शासननिर्णय, एक निकालपत्र, एक फेरफार मोठ्याने वस्तीत वाचून दाखवावा. संशय अवश्य घ्यावा; मात्र त्याच्या हाती कागद द्यावा.